उलट्या नंबरांचे म्हात्रेकाका

म्हात्रेकाकांना कुणी मोबाइल नंबर विचारला की ते शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करत. समोरचा बिचारा दहाच्या दहा आकडे लिहून घेई, दुसऱ्या दिवशी लावून बघे, तो लागत नसे, आणि मग तो तक्रार घेऊन परत येई. काका त्याच्याकडे अशा नजरेने बघत, की जणू हा माणूस चप्पल उलटी घालून आलाय. "अरे, उजवीकडून वाच की," म्हणत. "एवडा शिकलास तू."

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती पनवेलला, ऑफिसात. खाली दुधाचं दुकान, वर आम्ही. जासईच्या आसपास कंटेनर ठेवायची मोठाली यार्डं आहेत, त्यांना आमची कंपनी इंटरनेटवरून चालणारे फोन पुरवते. मी कॉम्प्युटर शिकलेली, यादी सांभाळायला ठेवलेली. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. खांबावर चढण्यापासून एक्स्चेंजमध्ये बसण्यापर्यंत सगळं करून आलेले. मालकांनी त्यांना का ठेवलं होतं, हे मालकांनाही नीट सांगता आलं नसतं, पण यार्डातला फोन बंद पडला की काका नुसते तिथे जाऊन उभे राहत आणि तो चालू होई. निदान काकांचं म्हणणं तसं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला कामाचं मर्म सांगितलं. आपण नुसते आकडे दाबतो, पण इंटरनेटवर कुणाला शोधायचं तर नाव लागतं, वेबसाइटला असतं तसं, मध्ये टिंबं असलेलं. म्हणून आमचं मशीन आलेल्या नंबराचं नाव करतं. आकडे उलटे करायचे, प्रत्येक आकड्यानंतर एक टिंब द्यायचं आणि शेवटी एक ठरलेली शेपटी लावायची. ते नाव घेऊन मशीन आमच्या यादीत जातं आणि विचारतं, हा माणूस आत्ता कुठे सापडेल? यादी सांगते, केबिनमध्ये, मोबाइलवर, नाहीतर घरी. मग तिथली घंटा वाजते.

"पण आकडे उलटे कशाला?" मी विचारलं.

"बाय, पाकिटावर पत्ता लिवतेस तवा आधी काय लिवतेस?" काका म्हणाले. आम्हा सगळ्या बायकांना ते बायच म्हणत. "आधी माणसाचा नाव. मग घर, मग गाव, मग जिल्हा. बराबर? आनि नंबरात काय हाय? आधी देश, मग गाव, माणूस पार शेवटाला. इंटरनेट हाय पाकिटावानी. म्हणून नंबराला आधी उलटा टांगायचा."

पुढे मी या विषयावर जाडजूड इंग्रजी कागद वाचले. त्यांत याहून जास्त काही नव्हतं.

ऑफिसात काकांच्या टेबलावर एक जुना पांढरा फोन होता आणि त्यावर मंदाकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, क्रोशाने विणलेला रुमाल होता. त्या फोनला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. पुसायचीसुद्धा नाही. त्यावर फक्त एकच नंबर वाजणार होता, आणि तो फक्त एकाच माणसाने लावायचा होता. तो माणूस म्हणजे आक्का, काकांची थोरली बहीण.

आक्का उरणला खाडीकाठच्या एका गावात दिलेली. घरात होडी, मासळीचा धंदा, आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतला माणूस वळून बघेल. आई लवकर गेली, तेव्हा काकांना तिनेच वाढवलं. आणि ही आक्का सहा वर्षं काकांशी बोलत नव्हती. कारण विचाराल तर हसाल, पण काकांसमोर हसायची माझी कधी हिंमत झाली नाही.

झालं असं की आक्काच्या मुलाचं लग्न निघालं आणि पत्रिका छापायचं काम मामा म्हणून काकांकडे आलं. काकांनी पत्रिका सुंदर छापली. वर गणपती, खाली कुलदैवत, आणि अगदी तळाला, काही अडचण आल्यास संपर्क म्हणून तीन नंबर. तिन्ही उलटे. हळदीच्या दिवशी बेंजोवाल्यांना गाव सापडेना. त्यांनी पत्रिका काढली, तिन्ही नंबर लावले, एकही लागला नाही, आणि ते वाद्यं टेम्पोत घालून घरी गेले. आगऱ्यांच्या घरची हळद आणि बेंजो नाही. ज्यांना हे दुःख कळत नाही त्यांनी कधी आमच्या भागातली हळद बघितलेली नाही. चारशे माणसं अंगणात उभी आणि नाचायला एका पोराच्या मोबाइलचा स्पीकर.

तेवढ्यावरही भागलं असतं. पण आक्काने जाब विचारला तेव्हा काका सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "नंबर बराबरच हाय. तुमाला वाचता येत नाय." आक्काने हातातलं हळदीचं ताट खाली ठेवलं आणि सांगितलं, "आजपासून तू माज्याशी बोलू नको." काकांनी ते ऐकलं. आयुष्यात आक्काचं एवढं एकच त्यांनी तंतोतंत ऐकलं असावं.

आक्काला दुसरा कुठलाही नंबर पाठ नव्हता. जासईच्या जुन्या घरात, म्हणजे तिच्या माहेरी, बाबांच्या वेळी जो फोन आला, तो एकच नंबर तिच्या बोटांना ठाऊक. भावकीने ते घर पाडून नवं बांधायला काढलं आणि फोनची तार निघाली, तेव्हा काकांनी धावपळ करून तो नंबर आमच्या मशीनवर आणून घेतला. माझ्या नोकरीचा दुसरा महिना असेल. काकांनी नंबर सांगितला, मी यादीत घातला, त्यांनी पांढऱ्या फोनवर रुमाल टाकला.

"लावून बघू का एकदा?" मी मोबाइल काढला.

त्यांनी माझा हातच धरला. "त्या नंबरावर ट्रायल करायची नाय. ह्यो फोन वाजला तर आक्काच पायजे. उगाच वाजला आनि तू निघालीस तर माज्या जिवाला काय वाटंल?"

"मग तुम्हीच का लावत नाही आक्कांना?"

"बोलणं तिनं टाकला. उचलायचा पण तिनंच."

मला हा सगळा प्रकार अडाणीपणाचा वाटला आणि मी तो तिथेच सोडून दिला. माझी चूक तीच.

काका आणि मी कामोठ्याला एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. ते तीनशे तीनमध्ये, मी दोनशे तीनमध्ये, त्यांच्या बरोब्बर खाली. त्यामुळे त्यांचे घरचे पराक्रमही माझ्या डोक्यावरच घडत. गॅसचं सिलिंडर आलं की दारात येणाऱ्या माणसाला मोबाइलवरचा कोड सांगावा लागतो. काका तो शेवटून सांगत. तो म्हणे चुकीचा आहे. काका पुन्हा सांगत, तितक्याच ठामपणे, तितकाच उलटा. एकदा तो माणूस सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन मजले परत उतरला आणि मंदाकाकी डाळीचा कुकर घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आल्या. "यांच्याकडून कुठलाही आकडा घ्यायचा असेल तर मला विचारत जा," त्या मला म्हणाल्या. "मी लग्नाची तारीखसुद्धा भटजींना स्वतः सांगितली होती."

गणपतीत आमच्या सोसायटीत तांबोला खेळतात. एका वर्षी आकडे पुकारायचा मान काकांना दिला. सुरुवातीला ते फार जपून होते. मग रंगात आले आणि मोठ्याने म्हणाले, "एक्क्याण्णव." तांबोल्यात नव्वदच्या पुढे आकडाच नसतो. हातात गोटी एकोणिसाची होती. मग कळलं की त्याआधीचे किती आकडे उलटे गेलेत हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तोवर दोन बायका फुल हाउसची बक्षिसं घेऊन घरीसुद्धा गेल्या होत्या. बक्षिसाचे प्रेशर कुकर परत मागायला जायचं धाडस कमिटीत एकाचंही झालं नाही.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे इंटरकॉम. आमच्या बिल्डिंगचा जुना इंटरकॉम मेला तेव्हा काकांनी हौसेने नवा बसवून दिला, ऑफिससारखाच. घराचा नंबर दाबा, मशीन यादीत बघेल, घरात कुणी नसेल तर मोबाइल वाजवेल. चार मजले, मजल्यावर चार घरं, सोळा घरांची यादी. काकांनी सवयीप्रमाणे प्रत्येक घराचा नंबर उलटा करून यादीत घातला. बिल्डिंगसाठी आणलेलं छोटं मशीन मात्र नंबर उलटा न करताच विचारत होतं. म्हणजे दोनशे तीन दाबलं की घंटा तीनशे दोनमध्ये, आणि एकशे चार दाबलं की चारशे एकमध्ये.

हे चाचणीत कसं कळलं नाही म्हणाल, तर काकांनी चाचणी शिस्तीत घेतली होती. प्रत्येक मजल्यावरचं एक घर. पहिल्यावरचं पहिलं, दुसऱ्यावरचं दुसरं, तिसऱ्यावरचं तिसरं म्हणजे त्यांचं स्वतःचं, चौथ्यावरचं चौथं. एकशे एक, दोनशे दोन, तीनशे तीन, चारशे चार. ही चार घरं कुठूनही वाचली तरी तीच. चारही घंटा बरोबर वाजल्या, सेक्रेटरींनी नारळ फोडला आणि आम्ही गच्चीत कांदाभजी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून मला इंटरकॉमवर बायकांचे फोन सुरू झाले. "आज क्लास आहे का?" तीनशे दोनमध्ये सावंतमॅडम गणिताची ट्यूशन घेतात, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आया त्या. मी पहिल्या दोघींना नीट सांगितलं की चुकीच्या घरी लागलाय. तिसरीने उलट मलाच विचारलं, मग तुम्ही उचलला कशाला? त्यानंतर जिने विचारलं तिला मी सांगितलं, नाही, आज क्लास नाही. तीन दिवस बिल्डिंगमधल्या पोरांनी खाली क्रिकेट खेळलं आणि सावंतमॅडम फळा पुसून वाट बघत बसल्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मंदाकाकींना सांगितलं होतं, पण त्या हसून हसून खुर्चीवरून घसरल्या, म्हणजे ते सांगण्यात धरायला नको.

तिसऱ्या दिवशी वॉचमनने एकशे चारला फोन केला की मुलगी बघायला पाहुणे आलेत, वर पाठवू का. तो वाजला चारशे एकमध्ये. तिथल्या आजोबांना कमी ऐकू येतं, त्यांना वाटलं इलेक्ट्रिशियन आला असेल. ते म्हणाले, पाठव, कधीची वाट बघतोय. पाहुणे तासभर लवकर आले होते. एकशे चारचं दार उघडलं ते मुलीच्या वडिलांनी, बनियनवर, हातात पाल हाकलायचा झाडू उगारून. लग्न जमलं, पण मुलाकडचे अजून त्या झाडूची आठवण काढतात.

काकांनी यादी पाच मिनिटांत सुधारली. कमिटीने माफी मागायला सांगितली तर म्हणाले, "चार घरांत बराबर चालत व्हता की. सोळातली चार. नवीन मशीनला लय झाला."

नंतर एका होळीच्या आसपास मालकांनी मला मशीनची साफसफाई करायला सांगितली. जी नावं यादीत सापडत नाहीत ती मशीन एका वेगळ्या यादीत टिपून ठेवतं. बहुतेक सगळा कचरा असतो. कुणीतरी चुकीचा आकडा दाबलेला. मी ती पुसत चालले होते आणि एक नाव पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. इतकी वर्षं काकांच्या शेजारी बसून मला उलटं वाचायची सवय झाली होती. मी ते उजवीकडून वाचलं. तो जासईच्या घरचा नंबर होता.

मी आमची खरी यादी उघडली. त्यात तो नंबर होता, पण सरळ. तो भरला त्या दिवशी काय झालं ते मला लख्ख आठवलं. यादीच्या फॉर्ममध्ये नंबर सरळ भरायचा असतो, उलटा तो आपोआप करतो. काकांनी सवयीप्रमाणे नंबर शेवटून सांगितला. मी नवी होते, ऐकला तसा भरला. फॉर्मने उलट्याला उलटं केलं आणि तो सरळ होऊन बसला, जिथे मशीन त्याला कधीच शोधायला जाणार नव्हतं. आणि ट्रायल तर घ्यायचीच नव्हती. पांढरा फोन रुमालाखाली एवढी वर्षं मुका होता आणि मुका करणारी मी.

मग मी तारखा बघितल्या. नारळी पौर्णिमा. भाऊबीज. पुन्हा नारळी पौर्णिमा. दर वर्षी दोन्ही सणांना, आणि दर वेळी लागोपाठ दोनदा, म्हणजे पहिल्यांदा लागला नाही म्हणून तिने परत लावला होता. फक्त गेल्या भाऊबीजेला काहीच नव्हतं.

मी काकांना चहाच्या वेळी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण रडत सांगितलं एवढं आठवतं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मंजे ती लावत व्हती," ते म्हणाले.

"दर सणाला, काका."

"दोनदा?"

"दर वेळी दोनदा."

त्यांनी मला त्या तारखा वाचून दाखवायला लावल्या. मग परत एकदा. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी कागदच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

"आता तरी तुम्ही लावा फोन," मी म्हणाले.

"नाय."

"काका, गेल्या दिवाळीला तिने लावलेला नाही. तिने सोडून दिलं असेल. आता परत लावलाच नाही तर?"

हे मला बोलायला नको होतं, कारण त्यांना तेच वाटत होतं. ते म्हणाले, "माजा नंबर मी मुका केला. आता कुठल्या तोंडानं लावू? ती लावंल. पौर्णिमेला लावंल." आणि उठून गेले. एवढ्या हुशार माणसाला हे समजू नये याचा मला इतका राग आला, की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

त्यांनी मात्र कामाला सुरुवात केली होती. मी नंबर नीट करून दिला, पण त्यांचा आता कशावरच भरवसा उरला नव्हता. त्यांनी तो नंबर पांढऱ्या फोनला जोडला, ऑफिसातल्या सगळ्या टेबलांवरच्या फोनना जोडला, स्वतःच्या आणि मंदाकाकींच्या मोबाइलला जोडला, आणि शेवटी कामोठ्याच्या वॉचमनच्या केबिनलाही जोडला. शिवाय अशी सोय केली की एकाने उचलला म्हणून बाकीचे बंद पडणार नाहीत. जो उचलेल तो त्याच बोलण्यात आत येईल. या वेळी ट्रायल घेतली. सोळा वेळा.

नारळी पौर्णिमेला ऑफिस चालू होतं, कारण कंटेनरना सण नसतात. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दहा वाजले, अकरा वाजले. कुणी काम करत नव्हतं. मालकसुद्धा केबिनचं दार उघडं ठेवून बसले होते. बारा वाजता काकांनी डबा उघडला आणि न खाताच परत लावला. मी म्हणाले, आक्का बाजारात असेल. ते म्हणाले, "व्हय." एक वाजता ते म्हणाले, "सोडून दिला तिनं," अगदी हळू.

आणि मग सगळं ऑफिस एकदम वाजायला लागलं. आठ टेबलं, पांढरा फोन, काकांच्या खिशातला मोबाइल. आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी उचलले. तिकडे कामोठ्यात वॉचमननेही उचलला आणि पहिला आवाज त्याचाच आला, "हां जी, गेट से बोल रहा हूँ."

"तू कोन?" आक्का म्हणाली. "माजा भाऊ कुठं हाय?"

वॉचमनला काही कळेना. "कौन से फ्लॅट में जाना है?" त्याने विचारलं. आक्काने त्याला दोन वाक्यांत गप्प केलं, ती वाक्यं मी इथे लिहीत नाही. काका पांढरा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभे होते. मी त्यांना कोपराने ढोसलं.

"आक्का," ते म्हणाले.

मग ती सुरू झाली. "बाबाचा नंबर मोडलास ना तू? दर राखीला मी लावते आनि ती मेली बाई मना सांगते, अस्तित्वात नाय. भाऊबीजेला लावते, अस्तित्वात नाय. दोन दोन वेळा सांगते. आता शेवटचा लावते म्हणून लावला. माजा भाऊच अस्तित्वात नाय, असा समजू का मी?"

आम्ही आठही जण कानाला रिसीव्हर लावून उभे होतो. मालकांनी चष्मा काढला होता.

"मी हाय, आक्का," काका म्हणाले. "हाय मी."

मग त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि एक हात सोडवून खूण केली, ठेवा. आम्ही एकेक करून रिसीव्हर खाली ठेवले.